रामाकोन्याच्या विहिरीला ओहोटी

विहिरी मोजणं हे माझं काम. वर्षातून चार वेळा सौंसर तहसिलीतल्या बावीस विहिरींवर सायकलने जायचं, पोलादी फीत खाली सोडायची आणि पाणी किती फुटांवर आहे ते रजिस्टरात लिहायचं. फितीच्या टोकाला खडू चोळला की जिथवर भिजलं तिथवर त्याचा रंग बदलतो, आकडा चुकायला जागाच राहत नाही. तरी मी प्रत्येक विहीर दोनदा मोजतो. लोक म्हणतात, या मनोहरचा विहिरीवरसुद्धा भरवसा नाही. नाहीच आहे. लहानपणापासून मला एकाच गोष्टीवर भरवसा ठेवायला शिकवलं होतं, की माझा बाप परत येणार, आणि तो काही आला नाही.

बापाचं नाव श्रावण. सन पंचावन्नच्या ऑगस्टात, मी दोन वर्षांचा असताना, तो रामाकोन्याच्या रघुनाथरावांबरोबर दमणला गेला. दमण तेव्हा पोर्तुगीजांचं होतं. आजूबाजूला सगळा आपला मुलूख, एका अंगाला समुद्र, आणि मधल्या त्या एवढ्याशा तुकड्यावर चारशे वर्षं त्यांचा झेंडा. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली तरी ते हलायला तयार नव्हते, म्हणून ठिकठिकाणचे लोक नुसता तिरंगा हातात घेऊन त्यांच्या हद्दीत शिरत होते. रघुनाथराव तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, संत्र्याच्या बागेचे मालक. बाप त्यांच्याच शेतावर कामाला. दोघं पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून गाडीत बसले आणि बारा दिवसांनी रघुनाथराव एकटेच परत आले. त्यांनी माझ्या मायला, यमुनाला, सांगितलं, "श्रावणले फिरंग्यानं धरून नेलं. पन जित्ता हाये. तू वाट पाह्य, येईन तो."

मायने वाट पाहिली. नुसतं म्हणायला नाही, खरोखरच पाहिली. तीस वर्षांत आमच्या घराला कुलूप लागलं नाही. छप्पनच्या ऑक्टोबरात सारी वस्ती दीक्षेला नागपूरला गेली तेव्हा शेजारच्या लीलाबाईंना दोन दिवस दारात बसवून मगच ती निघाली. एकसष्टच्या डिसेंबरात आपली फौज दमणमध्ये शिरली, फिरंगी गेले, तुरुंग उघडले. बाप आला नाही. रघुनाथराव म्हणाले, "जहाजानं पोर्तुगालले नेलं असन." मायने मला तिसरीच्या पुस्तकातला नकाशा उघडायला लावला आणि पोर्तुगाल कुठे आहे ते बोट ठेवून बघितलं.

आता सन पंच्याऐंशी चाललं होतं. मायचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या महिन्यात ऑपरेशन केलं तर उरलेली नजर वाचेल, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत अंधार. दहा दिवस दवाखान्यात राहावं लागणार होतं.

"अन् तो आला त्?" माय म्हणाली.

"घरी मंगला आहे ना." मंगला माझी बायको.

"मंगलाले तो वळखते काय? दारात परकी बाई दिसली त् घर चुकलो म्हनून वापस जाईन."

मी हात टेकले. राग मायचा नव्हता, रघुनाथरावांचा होता. दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांच्या गळ्यात हार पडायचा आणि ते दमणची हकीकत सांगायचे. नदीच्या दोन्ही काठांवरचे किल्ले, तटावरच्या तोफा, शिपायांच्या टोप्या, सारं अगदी डोळ्यांसमोर उभं करायचे. मग मला उभं करून ‘वीर श्रावणचा पोरगा’ म्हणून टाळ्या वाजवायला लावायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. इतक्या वर्षांत त्या माणसाने समुद्राचा एक शब्द काढला नव्हता.

मे महिन्याच्या मोजणीला मी रामाकोन्याला गेलो तो मंगळवार होता. रघुनाथराव बागेच्या फाटकातच आडवे आले.

"यंदा माही विहीर राहू दे, मनोहर. मागच्या वर्षीचाच आकडा लिहून टाक."

हे माझ्यासारख्या माणसाला सांगायचं म्हणजे आगीत तेल. "मी खोटा आकडा लिहीत नाही," म्हणून मी आत गेलो. बाग बघून मात्र पाय अडखळले. संत्र्याच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. झाडांच्या आळ्यांत पांढरी पापडी धरली होती. पाण्याची मोटर विहिरीतून काढून काठावर आडवी टाकली होती, म्हणजे उपसा बंद होता.

ती विहीर जुनी, एका बाजूने तळापर्यंत दगडी पायऱ्यांची. माझ्या बापाच्या काळी आमच्या माणसांना त्या पायऱ्यांवर पाय ठेवायची मुभा नव्हती. खाली ओंजळ धरायची, वरून कोणी ओतलं तर प्यायचं. मी सरकारी फीत घेऊन तिथे उभा राहतो तेव्हा दरवेळी मला ते आठवतं आणि दरवेळी मी मुद्दाम पहिल्या पायरीवर उभा राहून मोजतो.

पाणी अठ्ठावीस फुटांवर. खडू पुसला, पुन्हा चोळला, फीत सोडली. एकोणतीस. मला वाटलं माझाच हात हलला. तिसऱ्यांदा सोडली, साडेएकोणतीस. मोटर तर काठावर पडलेली. मग मी सायकल झाडाला टेकवली, डबा उघडला आणि तिथेच मुक्काम ठोकला. नऊ वाजून दहा मिनिटांनी पाणी एकतीस फुटांवर थांबलं. थोडा वेळ तसंच राहिलं. आणि मग, मे महिन्यातल्या त्या रखरखीत उन्हात, ते वर चढायला लागलं. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी सतरा फुटांवर आलं, थांबलं आणि परत उतरायला लागलं. चौदा फूट पाणी आलं आणि गेलं, तेही कसलाही आवाज न करता. शेजारच्या दोन विहिरी मी जाऊन मोजल्या. त्या जिथल्या तिथे होत्या.

रघुनाथराव दिवसभर लांब बांधावर बसून माझ्याकडे बघत होते. विचारलं तर म्हणाले, "मले मालूम नाही." इतका भ्यालेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

बुधवारी सकाळी मी पुन्हा गेलो. यावेळी पाणी दहा वाजता तळाला गेलं, आदल्या दिवसापेक्षा पन्नास मिनिटांनी उशिरा. मी चपला काढल्या आणि पायऱ्या उतरलो.

वीस पायऱ्यांनंतर वास बदलला. कुजका, खारट, मी कधीही न घेतलेला वास. पायऱ्यांच्या दगडांवर पांढरे टोकदार खवले घट्ट चिकटलेले होते. त्यांनी माझा तळवा कापला. खाली काळा चिखल चमकत होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकलो. मीठ.

पण मला खरी भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. तासाभरापूर्वी शेवटची पायरी पाण्याखाली होती, ती सगळी ओलीचिंब होती. मधोमध मात्र एक जागा कोरडी होती. माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा अडेल, तेवढीच. उन्हात ठेवलेल्या दगडासारखी कोरडी आणि जराशी गरम.

आणि शांतता. विहिरीत काही ना काही आवाज असतोच, थेंब पडतो, पारवा फडफडतो, आपलाच श्वास घुमतो. इथे काही नव्हतं. कोणीतरी मुद्दाम गप्प बसलं होतं. श्वास रोखून, आपण वर जाण्याची वाट बघत. हे मला कसं कळलं ते मी सांगू शकत नाही. भूतखेत मी मानत नाही. आमच्या घरात मायने ते सगळं छप्पन सालीच सोडलं. पण मी त्या पायऱ्या पाठ न फिरवता, उलटा चढत वर आलो आणि वर येऊन कारण नसताना रघुनाथरावांच्या गड्यावर ओरडलो.

त्या संध्याकाळी मुलीचं भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलो. पन्नास मिनिटांचा तो हिशेब मला कुठेतरी वाचल्यासारखा वाटत होता. सापडलं. समुद्राला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. मी ते पान तीनदा वाचलं. आमच्या रामाकोन्यापासून समुद्र दीडशे-दोनशे कोस लांब. आमच्यापैकी कितीजणांनी तो बघितला असेल? मला दोनच माणसं आठवली, आणि त्यातलं एक परत आलं होतं.

गुरुवारी मी फीत नेलीच नाही. बागेत जाऊन सरळ रघुनाथरावांसमोर उभा राहिलो. "विहिरीत समुद्राचं पाणी आहे. माझा बाप कुठे आहे ते सांगा."

ते मग आळ्याच्या कडेला मातीतच बसले. अठ्ठावन्न वर्षांचा धिप्पाड माणूस, गुडघ्यात डोकं घालून लहान मुलासारखा रडायला लागला. मला दया आली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

"गोळी लागली त्याच्या मांडीत," ते म्हणाले. "आमी हद्दीत शिरलो, झेंडा त्याच्याच हातात होता. तिकून बंदुका सुटल्या. लोकं पांगले. मी त्याले पाठीवर घेतलं. आयुष्यात पह्यल्यांदा त्याले शिवलो मी, मनोहर. पळता पळता एक खाडी लागली. खाली उतरलो त् नुसता चिखल. पानी उतरलेलं. आपली कन्हान नदी कशी उतरते, तशी. तिथी काठाखाली एक खोबन होती, वरून कोनाले दिसत नव्हती. त्याले तिथी बसवलं. म्हटलं, इथीच बस, आवाज करू नको, मी मानसं घेऊन येतो."

"मग?"

"आभाळ साफ होतं रे! वर पाऊस झाल्याबिगर उतरलेलं पानी कुठी वापस येते काय? मी कधी पाह्यलंच नव्हतं. तोही बोल्ला, जागा चांगली हाये, पाटील. चार-पाच घंट्यानं दोन मानसं घेऊन आलो त् खाडी काठोकाठ भरलेली. मी त्या मानसाईले म्हटलं, हे पानी कुठून आलं? ते माह्याकडं पाहतच राह्यले."

मी उभाच होतो. आमच्याकडच्या कोणत्याही माणसाने, मीसुद्धा, त्याला तिथेच बसवलं असतं. उतरलेलं पाणी म्हणजे गेलेलं पाणी, हे आम्ही जन्मापासून बघत आलो. याचा राग कुणावर धरायचा, हेच मला कळेना.

"चैतापासून चालू हाये हे," रघुनाथराव म्हणाले. "तुझ्या मायचे डोळे चालले म्हनून ऐकलं, त्याच हप्त्यापासून. मनोहर, तिले सांगू नको. तिनं तीस वर्षं काढले माह्या शब्दावर."

"मी नाही सांगणार," मी म्हणालो. "तुम्ही सांगाल."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ते सौंसरला आमच्या घरी आले. या घरात ते पहिल्यांदाच येत होते. माय ओसरीवर सुपात तूर निवडत होती, बोटांनीच, कारण खडे आता दिसत नव्हते. मंगलाने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसं. मायचा हात सुपात तसाच राहिला. ती रडेल, ओरडेल, सूप फेकून मारेल असं मला वाटत होतं. तिने फक्त विचारलं,

"तुमी त्याले काय सांगतलं होतं?"

"इथीच बस. मी येतो."

"अन् मले काय सांगतलं?"

रघुनाथरावांची मान खाली गेली. "वाट पाह्य. येईन तो."

"दोघाईलेबी बसवून ठेवलं तुमी," माय म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग तिने ते विचारलं, जे मला आदल्या दिवशी विहिरीवर सुचायला हवं होतं आणि सुचलं नाही. "ते पानी मंग उतरलं असन ना?"

"होव."

"किती वेळानं?"

"सहा घंट्यानं उतरते म्हने."

"तवा गेल्ते पाहाले?"

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"मी तवा वापसीच्या रेल्वेगाडीत बसलो होतो, यमुना," रघुनाथराव म्हणाले. "भ्यालो. मले वाटलं, पानी उतरलं अन् तो तिथीच बसलेला दिसला त्?"

माय उठली. लुगड्याला चिकटलेला तुरीचा कोंडा झटकला, पायाने चाचपून चपला घातल्या. मला म्हणाली, "आज किती वाजता उतरते पानी?"

"अकरा चाळीसला," मी म्हणालो. मला दुसरं काय येतं?

"मंगला, घराले कुलूप लाव," माय म्हणाली. आमच्याकडे कुलूपच नव्हतं. मंगला शेजारून मागून घेऊन आली.

बसमधून उतरून आम्ही चौघं बागेत पोचलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. ऊन टळटळीत. विहिरीच्या तोंडाशी थंड, खारट वारा होता, जिथे वारा येण्याचं काही कारण नव्हतं. मायने नाक वर करून तो वास घेतला. जेवायला कोण आलं ते दारामागून ओळखावं, तशी ती क्षणभर उभी राहिली. मग रघुनाथरावांना म्हणाली, "जा. तुमी म्हटलं होतं मी येतो म्हनून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली. ते उतरायला लागले. भिंतीला हात लावत, एकेक पायरी. खवल्यांनी त्यांचे पाय कापले असणार, पण ते थांबले नाहीत. पाणी तळाला टेकलं होतं. शेवटच्या पायरीच्या जरा वर ते उभे राहिले आणि काहीतरी बोलले. आवाज घुमला नाही, म्हणून मला शब्द कळले नाहीत. मग ते वाकले.

कितीतरी वेळ ते तसेच वाकून होते. पाणी हलायला लागलं. काळ्या चिखलावरून पाण्याची एक पातळ धार सरकत आली आणि तिने त्यांचे घोटे झाकले. भरती लागली होती. "रघुनाथराव, वर या!" मी ओरडलो. त्यांनी वर बघितलंच नाही.

मग ते सरळ झाले, पण पुरते नाही. डावा खांदा खाली झुकला होता. डावा हात आडवा होता, कोणाच्या तरी कमरेत घालावा तसा. उजव्या हाताने त्यांनी आपल्या मानेजवळ काहीतरी धरलं होतं, आणि ते चढायला लागले. एक पायरी चढायची, थांबायचं. दुसरी चढायची, थांबायचं. लंगड्या माणसाला घेऊन चढताना थांबावं लागतं, तेवढंच. त्यांच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. एवढं कशाचं ओझं होतं? मागून पाणी एकेक पायरी गिळत वर येत होतं, त्यांच्या टाचांना लागूनच. पण त्यांनी घाई केली नाही. मंगलाने माझा दंड घट्ट धरला. तिला काय दिसत होतं ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

मायने डोळे बारीक केले. पदराने उजवा डोळा पुसला, पुन्हा बघितलं.

"मनोहर," ती म्हणाली, "मले बराबर दिसत नाही. किती जन येऊन राह्यले?"

मी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही. पायऱ्यांवर एक माणूस होता, हे मी कोणत्याही कचेरीत शपथेवर सांगितलं असतं. पण त्याच्या शेजारी, डाव्या अंगाला, पायरीमागून पायरी कोरडी होत येत होती. मी पुन्हा मोजलं नाही.

"दोघं, माय," मी म्हणालो.

"मंग वाटंतून सरक," माय म्हणाली. "त्याचा पाय दुखत असन."